न दिलेला सिक रिपोर्ट

अहो,

तुमचा फ्लेक्स अजून स्टेशनच्या रस्त्यावर लटकतो आहे. फोटो तोच, भाऊजींनी तुमच्या सेवानिवृत्तीसाठी निवडून ठेवलेला, टोपी घातलेला आणि मिशीला पीळ दिलेला. खाली गावातल्या पुढाऱ्यांचे छोटे छोटे हसरे चेहरेही तेच. फक्त वरची ओळ बदलली. 'सेवापूर्तीनिमित्त भव्य मिरवणूक' होतं, तिथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' आलं. पुढाऱ्यांचं हसू बदलावं हे कुणाला सुचलं नाही. शाळेत जाता-येता मी रोज त्याच्याखालून जाते आणि रोज तुमच्याशी भांडते. लोकांना वाटतं, बाई दुःखाने पुटपुटतात. दुःख आहेच, पण पुटपुटते त्या शिव्या असतात.

तेराव्याला मांडवात सगळे बोलले. तुम्ही किती शूर होता, किती मनमिळाऊ, जेऊरचं नाव कसं देशभर नेलंत. मी गप्प बसले. मला जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून आता लिहिते. तुम्ही मध्येच 'बरं बरं' म्हणून फोन ठेवू शकत नाही, एवढी एकच सोय झाली आहे.

गावाची तुमच्या बाबतीत एक अडचण झाली, ती आधी सांगते. बातमी आली तेव्हा बघता बघता अर्धा गाव आपल्या दारात जमला आणि जो येईल त्याचा पहिला प्रश्न एकच, कुठल्या बॉर्डरवर? मी सांगायचे, बॉर्डरवर नाही, दवाखान्यात. तो नवा फ्लू आला आहे ना, त्याने. की समोरच्याचा चेहरा जरा पडायचा. माणूस गेल्याचं दुःख होतंच त्यांना, पण ते ज्या दुःखाच्या तयारीने आले होते ते हे नव्हतं. एका पुढाऱ्याने भाऊजींना बाजूला घेऊन विचारलं, भाषणात ताप न म्हणता नुसतं 'देशसेवा करताना' म्हटलं तर चालेल का. वेशीवर तुमच्या नावाची कमान उभारायची घोषणाही त्याने तेव्हाच करून टाकली. आता ती गोष्ट कुणी काढत नाही. मला कमान नकोच आहे. पण तुम्ही ज्या कामात गेलात ते काम काय होतं, हे या लोकांनी एकदा तरी धड विचारायला हवं होतं.

माझ्या वडिलांनी विचारलं होतं. तुम्ही मला बघायला कुर्डुवाडीला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलात तेव्हा. वडील वर्कशॉपमधले, त्यांना कुठल्याही माणसाचं नक्की काम काय हे कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. फौजेत म्हणजे काय करता, बंदूक चालवता का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, मी मेडिकलमधला हाय, तापलेल्या जवानांना झोपवतो आणि झोपलेल्या कामचोरांना उठवतो. वडील हसले आणि तिथेच लग्न ठरलं, असं मला वाटतं. पण पुढे तुम्हीच म्हणायला लागलात की कामचोर एखादाच निघतो, खरा त्रास उलट्या माणसांचा असतो. ताप अंगावर काढून पळणाऱ्यांचा.

फौजेतली ती पद्धत तुम्ही मला पहिल्या सुट्टीत समजावली होती. बरं वाटत नसेल तर सकाळी रांगेतून बाहेर येऊन तसं सांगायचं, त्याला सिक रिपोर्ट म्हणतात. ऐकायला साधं वाटतं. पण बाहेर आला की साऱ्यांच्या नजरा त्याच्यावर, कवायत शिकवणाऱ्या उस्तादचा टोमणा ठरलेला, आणि ट्रेनिंगचे जास्त दिवस बुडाले तर नवा भरती झालेला रंगरूट मागच्या बॅचला ढकलला जातो. घरी तर ट्रेनिंग संपताना पोरगा शपथ घेतो त्या कसम परेडला जायची गाडीची तिकिटं काढून आई-बाप बसलेले असतात. मग पोरगा गोळ्या खातो, तोंड धुतो आणि रांगेत उभा राहतो. शेजारच्या दोघांना ताप देतो. "सिक रिपोर्टची लाज वाटती तितं साथ पसरती," हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की शाळेत मुलांनाही सांगायचे, नाक गळत असेल तर घरी थांबा, लाज कसली.

त्या साथीच्या नियमांपायी तुम्ही घरालाही सोडलं नव्हतं. आपली ऋतुजा लहान होती, घरभर खोकला होता, आणि तुम्ही सुट्टीवर येऊन सगळ्यांची अंथरुणं उलटसुलट टाकलीत. एकाचं डोकं भिंतीकडे, शेजारच्याचे पाय भिंतीकडे. तोंडं लांब राहतात, खोकला एकमेकांच्या अंगावर येत नाही. आत्यांनी ते बघितलं आणि अंथरुणावर बसूनच राहिल्या. नातीचे पाय आपल्या तोंडाकडे नकोत आणि आपले पाय लेकाच्या डोक्याकडे तर नकोतच नकोत, मग खोकला परवडला, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही नुसते हसलात. म्हणालात, बराकीत पण हेच होतं. रंगरूट ज्येष्ठ माणसाच्या डोक्याकडे पाय करून झोपायलाच तयार होत नाहीत, दिवा गेला की गुपचूप वळतात, सकाळी सगळी डोकी पुन्हा एका रांगेत. आरडाओरड करून उपयोग झाला नाही तेव्हा तुम्ही स्वतःची कॉट त्यांच्या मधोमध टाकलीत आणि आधी माझ्याकडे पाय करा म्हणालात. नायब सुभेदाराच्या डोक्याशी दोन्ही बाजूंनी पोरांची पावलं. मग बाकीच्यांची भीड मोडली. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी तो लपवायला उठून चहा टाकला. तेव्हाच सांगायला हवं होतं.

मग हा नवा ताप आला. दरवर्षीची लस टोचलेली होती, पण ती याला पुरी पडत नाही असं तुम्हीच म्हणालात. तुमच्या ट्रेनिंग सेंटरात शेकडो जवान एका छताखाली झोपणार, एका लंगरात जेवणार, एकत्र पळणार, तिथे असला ताप शिरला तर काय होईल, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगत होता की मला इकडे धडकी भरली. तुमच्या कॅप्टन डॉक्टरला तुम्ही पटवलंत, त्याने वरच्या साहेबांना. सुट्टीवरून परतणाऱ्याला गेटवरच अडवायचं, काही दिवस वेगळं ठेवायचं. कॉटी लांब लांब. जेवण पाळीपाळीने. आणि कसम परेडला आई-बापांनी यायचं नाही. हा शेवटचा नियम तुम्हाला फार महागात पडला. एका बापाने फोनवर तुम्हाला अर्वाच्य शिव्या दिल्या. पोरगा शपथ घेताना बघायला मी जन्मभर थांबलोय आणि तू कोण रे मधी, असं म्हणाला. ते सांगताना तुमचा आवाज पहिल्यांदा पडलेला ऐकला. तो बाप चुकीचं बोलत न्हवता, एवढंच तुम्ही म्हणालात.

इथे गावातही तेच भांडण पेटलं होतं. भाऊजींनी तुमच्यासाठी उघडी जीप ठरवली होती, डीजे ठरवला होता, स्टेशनपासून घरापर्यंत बायका औक्षण करणार होत्या. तुम्ही फोनवर सांगितलंत, साथ बसल्याबिगर मिरवणूक न्हाय, आणि मी आलो तरी आधी मळ्यातल्या खोलीत एकटा राहणार. भाऊजी खट्टू झाले. पारावर चेष्टा सुरू झाली की आमचा फौजी पाकिस्तानला भीत नाही, सर्दीला भितो. मी एकटी तुमच्या बाजूने होते. मळ्यातली खोली मी स्वतः झाडली, चुना मारून घेतला, नवी गादी टाकली. हे सगळं तुमच्या नियमावर विश्वास ठेवून.

आणि मग आपलं ते भांडण. निवृत्तीआधीची तुमची सुट्टी शिल्लक होती. तुम्ही तेव्हाच निघून येऊ शकत होता, कुणी बोट दाखवलं नसतं. शिवाय तुम्हाला साखर निघालेली. साखरवाल्यांनी तापाच्या वॉर्डापासून लांब राहायचं, हा नियमही तुमचाच, भिंतीवर तुम्हीच लावलेला. मी म्हटलं, सगळ्या फौजेत तुमच्या जागी उभा राहील असा एक माणूस नाही का? तुम्ही म्हणालात, "हाय की. पर पोरं त्येला खोटं सांगत्यात. मला कुणी खोटं सांगत न्हाय." त्यावर मी म्हटलं की मग आम्हीही खोटंच सांगायला लागतो, म्हणजे तरी आमच्याकडे बघायला याल. तुम्ही फोन ठेवलात. ते वाक्य तुम्हाला लागलं होतं, मला माहीत आहे. मी ते आजही मागे घेत नाही. ते भांडण तसंच राहिलं आहे, अर्धं, आणि त्यातली पाळी तुमची आहे.

शेवटच्या फोनवर तुमचा आवाज बसलेला होता. मी विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, धूळ हाय लई. ताप आहे का, विचारलं, तर न्हाय म्हणालात. थर्मामीटर लावून बघितलं का, विचारलं. त्यावर तुम्ही हसलात, "अगं, दिवसभर दुसऱ्यांना लावतो, मला कळत न्हाय व्हय?" मी मास्तरीण आहे हो. मुलं प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतात तेव्हा काय समजायचं ते मला कळतं. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तुम्ही ऋतुजाच्या बारावीच्या अभ्यासावर गेलात. पुढच्या फोनवर तुमचा कॅप्टन होता. मी आणि भाऊजी कपडे भरून निघालो, पण पुण्याला पोचायच्या आतच निरोप आला की येऊ नका, आम्हीच घेऊन येतो.

आता महादेवचं सांगते, कारण त्या दिवशी जे झालं त्यावरून गाव अजून माझ्यावर डूख धरून आहे आणि भाऊजी माझ्याशी धड बोलत नाहीत. महादेव तुमच्या हाताखालचा नाईक, सांगोल्याकडचा, मेंढरांच्या मागे चालत वाढलेला धनगराचा पोर. तुम्ही फोनवर त्याचं नाव घेतल्याशिवाय एक दिवस गेला नाही. तुम्हाला घेऊन आलेल्या तुकडीत तोही होता. तोंडाला मास्क बांधून तुमच्या पेटीशेजारी उभा होता, डोळे लाल. सगळ्यांचेच डोळे लाल होते, त्यामुळे मला तेव्हा काही कळलं नाही. बाहेर सलामीची तयारी चालली होती, रस्त्यावर माणूस मावत नव्हता. तो तुमची बॅग द्यायला आत आला, बॅग ठेवली आणि माझ्या पाया पडायला वाकला. त्याचा हात माझ्या पावलाला लागला आणि मला चटका बसला.

मी त्याला तिथेच थांबवलं. कधीपासून, विचारलं. तो म्हणाला, प्रवासाचा शीण हाय वहिनी. मी म्हटलं, महादेव, मी त्यांची बायको आहे, मला हे सांगू नकोस. मग तो भिंतीला टेकला. निघतानाच कणकण होती, गोळी घेऊन गाडीत बसला, कारण सांगितलं असतं तर तुकडीतून काढलं असतं. "साहेबांस्नी घरी पोचवायचं हुतं. सलामीला उभं राहायचं हुतं. मग सांगणार हुतो," म्हणाला. हे शब्द त्याचे नव्हते, तुमच्या तोंडचे वाटले. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? त्याने मान खाली घातली आणि मग सगळं बाहेर आलं. तुम्हाला परेडच्या दोन-तीन दिवस आधीच ताप होता. सकाळी गोळी घेऊन, मास्क चढवून तुम्ही गेटवर जात होता, दुसऱ्यांना तपासायला. त्याने विचारलं तर म्हणालात, कुणाला सांगू नको. परेड हूं दे, मग रिपोर्ट करतो. आई-बापांना मी बाहेर ठेवलं, आता मीच तापलेला निघालो तर लोक म्हणतील, साथ यानंच आणली आणि आमाला हाकललं.

तर असं आहे. लोक काय म्हणतील. इतक्या वर्षांत शेकडो रंगरूटांना जी लाज सोडायला लावलीत, ती स्वतःची वेळ आली तेव्हा तुम्ही खिशात घालून फिरत होता. मला तुमचा राग आला तो तेव्हा. तुमची पेटी बाहेर अंगणात, फुलं पडताहेत, घोषणा चालल्या आहेत आणि मी आत उभी राहून तुमच्यावर संतापले होते. रडू सुद्धा त्यातूनच फुटलं.

मी डोळे पुसले आणि तुकडीच्या सुभेदाराकडे गेले. माझ्या शाळेतल्या हिंदीत सांगितलं की हा जवान तापलेला आहे, त्याला सलामीला उभं करू नका, बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि गर्दी मागे हटवा. सुभेदाराने एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच हुकूम दिला. शहाणा माणूस. पण महादेव खरंच तुमचाच चेला, माझ्यापुढे हात जोडले त्याने. "वहिनी, येवढ्या एका येळी उभं राहू द्या. आयुष्यभर सल राहील," म्हणाला. मी म्हटलं, राहू दे सल. माणूस तर राहील. भाऊजी धावत आले, आजच्या दिवशी तरी नियम बाजूला ठेवा म्हणाले, लोक बघताहेत. मी म्हटलं, लोक बघतात म्हणूनच तर तुमचा भाऊ असा आला.

महादेवला तुमच्यासाठी चुना मारलेल्या त्या मळ्यातल्या खोलीत नेऊन झोपवलं. तुमच्या गादीवर. सलामीच्या रांगेत त्याची जागा सुभेदाराने मोकळीच ठेवली, बाकीच्यांना सरकू दिलं नाही. गर्दीत कुजबुज झाली, बाईने नवऱ्याची सलामी अपुरी केली. ऋतुजाने अग्नी दिला. मी परत आले तेव्हा आत्या ओट्यावर तशाच बसलेल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "त्या पोराला काडा दिला का गं कुणी?" साऱ्या जेऊरमध्ये त्या दिवशी तुमचं काम फक्त तुमच्या आईला कळलं होतं.

डॉक्टर आला, महादेवला सोलापूरला हलवलं, तिथून मिलिटरी दवाखान्यात. वाचला. तुमच्या त्या बॅचमधला एकही रंगरूट दगावला नाही, कॅप्टनने आवर्जून फोन करून सांगितलं. पालकांना बाहेर ठेवलं, पोरं वेगळी झोपवली, म्हणून हे झालं म्हणाला. मी त्याचे आभार मानले. मला अभिमान वाटला आणि पाठोपाठ त्या अभिमानाची चीड आली. इतकी पोरं राहिली, त्यांच्या आई-बापांना पोरं मिळाली, तर तुम्हीही त्यांच्यातलेच एक तापलेले होऊन कॉटवर पडला असता तर काय बिघडलं असतं? कोण काय म्हणालं असतं? म्हणू दिलं असतं. पुढच्या महिन्यात तुम्ही इथे असता, लोक विसरले असते. लोक कमान विसरले, ते हे विसरले नसते का?

परवा महादेवचा फोन आला. कामावर रुजू झाला आहे, तुमच्या जागी सध्या तोच गेटवर उभा राहतो. वहिनी, तवा तुमचा लई राग आला हुता, म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे. मग इतके दिवस मनात होतं ते मी त्याला विचारलं. म्हटलं, तुम्ही एवढे सगळे तिथे होता. एकाने तरी कधी साहेबांच्या कपाळावर हात ठेवून बघितलं का? तो म्हणाला, "वहिनी, साहेबांच्या कपाळाला हात लावायची आमची हिंमत कुटं?"

माझी होती. मी जेऊरला होते.